लक्षात राहणारे शिक्षक नेमकं काय वेगळं करायचे?

नवी_शिक्षिका

नमस्कार मंडळी. नवीन सत्रापासून मी शाळेत शिकवायला लागणारे, पाचवी ते सातवी, गणित आणि विज्ञान. बीएड झालंय, पाठ घेऊन झालेत, टाचण काढता येतं, फळ्याचे कप्पे कसे पाडायचे तेही येतं, पण एक गोष्ट काही केल्या उलगडत नाहीये की इतके शिक्षक आपल्याला शिकवून जातात आणि त्यातले एक-दोनच का आठवतात, बाकीच्यांची तर नावंसुद्धा आठवत नाहीत. घरी विचारलं तर बाबा म्हणतात धाक पाहिजे, बहीण म्हणते प्रेमळ पाहिजे, मैत्रीण म्हणते मस्त गोष्टी सांगणारे पाहिजेत. म्हणून इथे विचारतेय, तुमच्या लक्षात राहिलेले सर किंवा बाई वर्गात नक्की काय करायचे? 'छान शिकवायचे' एवढंच नका लिहू प्लीज, काय करायचे ते लिहा, म्हणजे मला त्यातलं काहीतरी उचलता येईल.

मागचा_बाक

आमचे गणिताचे एक सर होते ते ना कडक होते ना फार प्रेमळ. आवाज बारीक, विनोद वगैरे काही नाही. पण ते एक प्रश्न विचारायचे जो मला दुसऱ्या कुणी कधी विचारला नाही. गणित चुकलं की म्हणायचे, "हे उत्तर कसं काढलंस ते सांग." आणि मग खरंच ऐकायचे, मध्ये तोडायचे नाहीत.

उदाहरण देतो. ५२ वजा ३८. मी लिहायचो २६. दर वेळी लाल फुली आणि बाजूला 'हातचा विसरलास' असा शेरा, घरी पण तेच, की लक्ष नाही, धांदरट आहे. सरांनी बसवलं आणि विचारलं, तर मी सांगितलं की आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. सर म्हणाले आठातून दोन का? मी म्हटलं की लहानातून मोठं जात नाही असं शिकवलंय, मग मोठ्यातूनच लहान काढायचं ना. म्हणजे मी काही विसरलो नव्हतो, नियम पाळत होतो! नियमच अर्धवट पोचला होता. त्यांनी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे दिले, म्हणाले बावन्न मांड आणि यातून आठ सुट्ट्या दे मला. सुट्ट्या दोनच. मग गठ्ठा सोडला. बस, तिथून पुढे माझी वजाबाकी चुकली नाही.

नंतर कधीतरी वाचलं की १९७८ साली ब्राऊन आणि बर्टन या दोन संशोधकांनी मुलांच्या चुकांचा अभ्यास केला होता आणि त्यांना हेच दिसलं की पुष्कळ मुलं गणित करताना वाट्टेल ते लिहीत नाहीत, एक चुकीची पद्धत अगदी इमानदारीने वापरत असतात, आणि ही 'मोठ्यातून लहान' वाली चूक त्यात ठळकपणे होती. ते वाचलं तेव्हा मला सर आठवले, त्यांनी हे काही वाचलं असेल असं वाटत नाही, त्यांना बहुतेक माझं उत्तर कुठून आलं याचं खरंच कुतूहल होतं.

तर माझं उत्तर हे आहे. ज्या शिक्षकाला मुलाच्या डोक्यात काय चाललंय हे जाणून घ्यायचं असतं तो लक्षात राहतो.

खडू_फळा

मी बरीच वर्षं शिकवलंय, आता निवृत्त आहे. मागचा_बाक यांनी लिहिलंय ते सोन्यासारखं आहे, मी त्यात कामाच्या गोष्टी घालते.

पहिली म्हणजे थांबणं. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने विज्ञानाच्या तासांची रेकॉर्डिंग्ज तपासली होती, १९७० च्या दशकातलं काम आहे. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच उत्तर देतात किंवा दुसऱ्याला विचारतात असं निघालं. तेच थांबणं तीन सेकंद किंवा जास्त केलं तर उत्तरं लांब व्हायला लागली, 'माहीत नाही' कमी झालं, आणि ज्यांना आपण 'ढ' समजतो ती मुलंही बोलायला लागली. तीन सेकंद म्हणजे काय मोठंसं असं वाटेल, पण बाई माझे, वर्गासमोर उभं राहून तीन सेकंद गप्प राहणं फार अवघड जातं, घसा कोरडा पडतो, वाटतं तास हातातून चाललाय. मनात आकडे मोज. सवय होते.

दुसरी, आधी प्रश्न मग नाव. "अमुक, ऊठ, सांग बाष्पीभवन म्हणजे काय" असं म्हटलंस की बाकीचा सगळा वर्ग त्या क्षणी सुटला, त्यांना माहितीये आपला नंबर नाही. उलट "ओला कपडा वाऱ्यात लवकर का वाळतो?" असं विचारायचं, थांबायचं, सगळ्यांवरून नजर फिरवायची आणि मग नाव घ्यायचं. तेवढ्या वेळात सगळ्यांना विचार करावा लागतो.

आणि "कळलं का?" हे विचारायचं बंद कर. त्याचं उत्तर एका सुरात "होऽऽ बाई" असंच येतं, कळो न कळो. त्याऐवजी एक छोटं गणित फळ्यावर टाक आणि वर्गातून फिर, वह्या बघत बघत. कळलंय की नाही ते तुला दोन मिनिटांत वह्याच सांगतील. फिरताना मागच्या बाकांपर्यंत जायचं, टेबलाला खिळून राहणारे शिक्षक मुलांना दिसतात फक्त, भेटत नाहीत.

दोन_मुलांची_आई

मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय. लक्षात राहणारा आणि चांगला या दोन गोष्टी आपण एकच धरतोय. मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलेल्या बाई म्हणजे पेपर वाटताना सगळ्यात कमी मार्कांपासून सुरुवात करून नाव आणि मार्क मोठ्याने वाचणाऱ्या. शाळेचं नाव घेत नाही, गरज नाही. अजूनही कुणी माझं नाव जोरात पुकारलं की पोटात गोळा येतो. मग त्या पण 'अविस्मरणीय' शिक्षिकाच झाल्या की. धाकाचं समर्थन करणाऱ्या सगळ्यांना माझं कळकळीने सांगणं आहे की धाकाने वर्ग शांत होतो हे खरं, पण शांत बसलेलं मूल शिकतंय असं नाही, ते फक्त आपल्यावर नजर पडू नये म्हणून जपत असतं. जे मूल घाबरलंय ते शंका विचारणार नाही, आणि शंका नाही विचारली की ती तशीच पुढच्या इयत्तेत जाते.

याउलट माझ्या धाकट्या लेकीच्या बाई. त्या निबंधावर मार्क देतच नाहीत पहिल्या वेळी. फक्त दोन ओळी लिहितात. एकदा लिहिलं होतं, 'पावसाचा आवाज छान आलाय, पण त्या वेळी तू कुठे उभी होतीस ते मला दिसलं नाही.' बास. लेकीने आपणहून वही उघडून बसून परत लिहिलं, खिडकीचे गज, ओले हात, सगळं आलं त्यात! हेच जर दहापैकी सहा लिहून आलं असतं तर वही दप्तरात गेली असती.

आकडेमोड

@दोन_मुलांची_आई यांच्या शेवटच्या मुद्द्याला आधार आहे. रूथ बटलर यांचा १९८८ चा प्रयोग बघा, काही मुलांना नुसते मार्क, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. नुसता शेरा मिळालेल्यांचं पुढचं काम चांगलं झालं. आणि गंमत म्हणजे दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही, कारण मार्क दिसले की मूल शेरा वाचतच नाही बहुधा, शेजाऱ्याचे मार्क बघतं.

मस्त गोष्टी सांगणाऱ्यांबद्दल मात्र जरा जपून. १९७० मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला होता, एका नटाला 'डॉ. फॉक्स' अशा नावाने तज्ज्ञ म्हणून उभं केलं, भाषण ठरवून पोकळ, परस्परविरोधी विधानांनी भरलेलं, पण सांगण्याची ढब एकदम फर्मास. ऐकणारे कोण, तर मानसोपचारतज्ज्ञ आणि शिक्षणक्षेत्रातलीच माणसं! तरी बहुतेकांनी छान शेरे दिले. म्हणजे मोठी शिकलेली माणसं फसतात तर मुलांचं काय. तास रंगला म्हणजे शिकणं झालं असं धरून चालू नका, तासानंतर मुलाला काय करता येतंय ते बघा. गोष्टी सांगू नका असं नाही म्हणत, पण गोष्ट त्या घटकातच घेऊन जाणारी हवी, घटकापासून लांब नेणारी नको.

अजून एक, अपेक्षा. रोझेंथल आणि जेकबसन यांनी १९६८ मध्ये मांडलं होतं की शिक्षकांना काही मुलांबद्दल 'ही चमकणार' असं सांगितलं, जी खरं तर चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली होती, तर त्यातली खास करून पहिली-दुसरीची मुलं खरंच पुढे गेली. नंतर यावर खूप वाद झाले, परिणाम दाखवला तेवढा मोठा नसतो असं दिसलं, त्यामुळे जादू वगैरे समजू नये. पण स्टाफरूममध्ये नवीन आल्या आल्या कुणी 'ती तुकडी वाया गेलेली आहे' असं सांगितलं तर एका कानाने ऐका नि दुसऱ्याने सोडून द्या, एवढं त्यातून नक्की घ्या.

वाचनवेडा

कामू या फ्रेंच लेखकाची हकिगत लिहितो, माझ्या मनात शिक्षक म्हटलं की हीच येते. वडील पहिल्या महायुद्धात गेले, कामू तेव्हा तान्हं बाळ, आई घरकाम करून घर चालवायची, तिला ऐकायलाही कमी यायचं. आजीचं म्हणणं मुलाने लवकर कामाला लागावं. प्राथमिक शाळेतले शिक्षक लुई जेर्मां यांनी त्याला शाळा सुटल्यावर फुकट शिकवलं, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवलं आणि आजीचं मन वळवलं. १९५७ मध्ये कामूला साहित्याचं नोबेल मिळालं तेव्हा गडबड ओसरल्यावर त्याने या सरांना पत्र लिहिलं, की बातमी कळल्यावर आईनंतर पहिला विचार तुमचाच आला.

मला यात महत्त्वाचं हे वाटतं की जेर्मांनी फक्त चांगलं शिकवलं असतं तर तो मुलगा तरीही शाळा सोडून कामाला लागला असता. घरात अडचण काय आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि ती सोडवायला त्यांनी पदरचा वेळ घातला. वर्गात हुशारी दिसते पण ती कुठे अडून बसलीये हे वर्गाबाहेर कळतं बऱ्याचदा.

नवी_शिक्षिका

सगळ्यांचे मनापासून आभार, मी वहीत उतरवून घेतेय एकेक. पण एक खरी अडचण. मला एका वर्गात साठ मुलं असणारेत असं ऐकलंय, असे तीन वर्ग. प्रत्येकाला बसवून 'कसं काढलंस' विचारणं, प्रत्येकाच्या वहीत दोन ओळी लिहिणं, घरची माहिती ठेवणं, हे होणार कसं? की हे छोट्या वर्गांसाठीच आहे? आणि मग शिस्तीचं काय, धाक नको तर साठ जणांना आवरायचं कसं?

खडू_फळा

होतं गं. सगळ्यांना रोज नाही जमत, ते जमवायला जाऊच नकोस, थकशील. पाच वह्या. रोज कुठल्याही पाचच वह्या नीट वाच, बाकीच्यांवर नेहमीची खूण. बारा दिवसांत सगळा वर्ग होतो. आणि पाच वह्यांमध्येच तुला कळेल की चूक एकट्याची आहे की निम्म्या वर्गाची. निम्म्या वर्गाची असेल तर ती चूक, नाव न घेता, दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहायची आणि विचारायचं, "हे ज्याने लिहिलंय त्याने काय विचार केला असेल?" साठ जण एकदम कामाला लागतात, आणि चूक ही लाज वाटायची गोष्ट राहत नाही.

शिस्तीचं म्हणशील तर कडक असणं आणि धाक यात फरक कर. नियम दोन-तीनच ठेव पण ते सगळ्यांना सारखे. लाडक्या मुलीने गृहपाठ आणला नाही तर हसून सोडायचं आणि मागच्या मुलाला उभं करायचं, हे एकदा जरी झालं तरी मुलं टिपतात, आणि मग तू कितीही गोड बोल, उपयोग नाही. दम द्यायचा तर वागण्याला दे, मुलाला नाही. 'मध्ये बोलू नकोस' ठीक, 'तू असलाच आहेस' कधीच नाही. आणि ज्याला रागावलीस त्याच्याशी त्याच दिवशी शाळा सुटायच्या आत एक साधं वाक्य बोल, कशाबद्दलही, म्हणजे तो घरी ओझं घेऊन जात नाही.

मागचा_बाक

काड्यांचे गठ्ठे मात्र पहिल्या दिवसापासून कपाटात ठेवा. पाचवी-सहावीच्या मुलांना ते बाळबोध वाटतात असं मोठ्यांना वाटतं, पण दशांश अपूर्णांकाला पण तेच अडतं. ०.३५ मोठं की ०.८ विचारून बघा पहिल्या आठवड्यात, कितीतरी मुलं ०.३५ सांगतील कारण पस्तीस आठापेक्षा मोठे. एक मोठा चौकोन काढून त्याचे दहा उभे पट्टे पाडायला सांगा, आठ पट्टे रंगवू देत. मग दुसऱ्या चौकोनात तीन पट्टे आणि चौथ्याचा निम्मा. तुम्ही काही बोलायचं नाही, ते दोन चौकोन शेजारी ठेवून फक्त थांबायचं.

नवी_शिक्षिका

हे करणारच, आज घरी भाचीवर करून बघते, सहावीतच आहे ती. काय म्हणाली ते इथे लिहीन.