काकूंच्या व्हिसाचा फोटो

ए-२०३ काकू: नमस्कार मंडळी. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जायचंय, सगळ्यांना माहितीच आहे. व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म भरतेय, फोटोपाशी गाडी अडलीय. भाच्यानं मोबाइलवर काढलेला फोटो ४ एमबीचा, त्यांना २४० केबीच्या आत पाहिजे. सकाळपासून वैताग आलाय नुसता.

बी-१०१ मास्तर: नवी पेठेत स्टुडिओत जा. लगेच करून देतात.

सी-३०४ दादा: स्क्रीनशॉट काढा काकू, साइज आपोआप कमी होते.

ए-४०२ ताई: नका काढू. स्क्रीनशॉट बऱ्याच फोनवर पीएनजी होतो, तिथं जेपीईजीच लागतो. आणि फोटो चौरस पाहिजे. कमीत कमी ६०० बाय ६०० पिक्सेल, जास्तीत जास्त १२०० बाय १२००.

खजिनदार: कृपया ग्रुप सोसायटीच्या कामासाठी ठेवावा. टाकीत पाणी आलंय, भरून घ्यावे.

सी-३०४ दादा: मागच्या वेळी बी विंगची मोटर रात्री कोण चालू ठेवलं, ते पण लिहा की साहेब.

खजिनदार: त्याचं उत्तर मीटिंगमध्ये दिलंय. आपण आला नव्हतात.

सी-३०४ दादा: मीटिंग कळवलं कोण आम्हाला?

ए-२०३ काकू: अहो, भांडण नंतर करा. मी एका वेबसाइटवर टाकून बारीक केला, तर २८ केबी झाला आणि चेहरा सगळा फिसकटला.

बी-१०१ मास्तर: म्हणून म्हणतो, नवी पेठ.

ए-४०२ ताई: काकू, असल्या कुठल्याही साइटवर फोटो, पासपोर्ट टाकत जाऊ नका हो, काळजी वाटते. कॉम्प्युटरवर पेंट उघडा. आधी क्रॉप करून चौरस करा. हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंतचा भाग फोटोच्या उंचीच्या ५० ते ६९ टक्के यायला हवा. मग रिसाइजमध्ये पिक्सेल निवडून ६०० टाका आणि जेपीईजी म्हणून सेव्ह करा. पिक्सेल उतरले की केबी आपोआप उतरतात, चेहराही स्वच्छ राहतो.

ए-२०३ काकू: भाच्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला पण आहे एक, लहान आहे. तो चालेल?

ए-४०२ ताई: व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच दाबून पाठवतं, बारकावे जातात. मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा. ब्युटी फिल्टर लावलेला नको.

डी-१०२ वहिनी: मागं सोलापुरी चादर लावू नका म्हणजे झालं 😄 पांढरी भिंत पाहिजे.

सी-३०४ दादा: पांढरी भिंत? जिन्यात ओल उतरलीय, पांढरी राहिलीय कुठं.

खजिनदार: वॉटरप्रूफिंगचे पैसे ज्यांनी भरले नाहीत त्यांनी तरी बोलू नये.

ए-४०२ ताई: काकू, मध्येच सेव्ह करत राहा. साधारण २० मिनिटं हात लावला नाही तर फॉर्म बंद पडतो. अ‍ॅप्लिकेशन आयडी वहीत लिहून ठेवा, नाहीतर परत शोधत बसाल.

ए-२०३ काकू: झाला गं बाई अपलोड! १३६ केबी. देव तुझं भलं करो. आता ह्यांचा राहिलाय. चष्म्यातला आहे, चालतो ना?

ए-४०२ ताई: नाही, २०१६ च्या नोव्हेंबरपासून चष्मा बंद आहे. आणि फोटो सहा महिन्यांच्या आतला लागतो.

ए-२०३ काकू: ह्यांचा तर मागच्या गड्ड्याच्या जत्रेच्या आधीचा आहे, वर्ष उलटलं.

बी-१०१ मास्तर: नवी पेठ.

ए-४०२ ताई: पाचला मीच येते काकू. काकांना दाढी करून ठेवायला सांगा. भिंतीपासून जरा पुढं उभं करू, सावली पडायला नको.