परिस्थितीने खलनायक झालेला माणूस कसा लिहावा? वाचन आणि सल्ला हवा आहे

दोराचो_वाटो

नमस्कार मंडळी. मालवण तालुक्यात किनाऱ्यावर आमचं लहानसं गाव आहे. जत्रेच्या रात्री दशावतार आणि दुसऱ्या रात्री गावातल्याच लोकांनी बसवलेलं नाटक, अशी आमच्याकडची पद्धत. यंदा लिहायचं माझ्यावर आलंय. दोन अंक, संवाद मालवणीत.

नाटकातला माणूस तातू. रापणकराचा मुलगा (रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मोठं जाळं), लहानपणी पहाटे किनाऱ्यावर दोर ओढून वाढलेला. पुढे रापणीत मासळी यायची बंद होते. बाहेर पर्ससीनवाले बांगड्याचा अख्खा थवा खालून जाळं आवळून उचलतात, रात्री एलईडीचे दिवे लावून उरलेली मासळी ओढून घेतात. पर्ससीनवर राज्याने 2016 साली निर्बंध घातले, एलईडीवर केंद्राने 2017 साली बंदी आणली, तरी आमच्या तातूला रात्री क्षितिजावर दिवे दिसतच राहतात. कर्ज होतं, बायको अंथरुणाला खिळते, 2021 च्या तौक्ते वादळात होडी फुटते. शेवटी तो त्याच एलईडीवाल्या मालकाचा माणूस होतो, गावात व्याजाने पैसे देतो, आणि एका रात्री रापणीचं जाळं जाळतो. त्या रापणीच्या वाट्यावर मासे विकून जगणारी जनी उघड्यावर पडते.

अडचण अशी झाली की तालमीला बसलेल्या बायका तातूसाठी रडल्या. चांगलं वाटलं. मग एकीने विचारलं, "आणि जनीचा काय?" जनीसाठी कुणीच रडलं नव्हतं. तातूची इतकी दुःखं मी रचली की जाळं जाळणं हा त्याचा हक्कच वाटायला लागला.

अशी माणसं नीट रंगवलेलं काय वाचू? आणि दुःख किती दाखवावं, कुठे थांबावं? जत्रेला दीड महिना आहे.

कातळशिल्प

दादा, नवीन काही शोधण्याआधी महाभारतातली एकच साखळी सलग वाचा: द्रोण, द्रुपद, अश्वत्थामा. ती आदिपर्वात सुरू होते आणि सौप्तिकपर्वात संपते. मधली युद्धाची पर्वं या वेळी चाळलीत तरी चालेल.

द्रोणाच्या घरी दूध नाही. श्रीमंतांची पोरं दूध पितात ते बघून लहानगा अश्वत्थामा रडतो. पोरं त्याला पाण्यात पीठ कालवून देतात. ते पिऊन तो "मी दूध प्यालो" म्हणत नाचायला लागतो आणि भोवतालचे हसतात. द्रोण गरीब आधीपासून होता. घर सोडून तो निघतो ते हे हसू ऐकल्यावर. बालमित्र द्रुपदाकडे जातो, तर तो म्हणतो की राजाची आणि दरिद्री माणसाची मैत्री होत नसते. मग शिष्यांकडून गुरुदक्षिणा म्हणून द्रुपदाला बांधून आणवणं, अर्धं राज्य काढून घेणं, द्रुपदाने सूडासाठी केलेला यज्ञ, त्यातून आलेला धृष्टद्युम्न, त्याने शस्त्र खाली ठेवलेल्या द्रोणाचं मस्तक उडवणं. आणि शेवटी तो पिठाचं पाणी प्यालेला मुलगा रात्री छावणीत शिरून झोपलेल्यांना मारतो, त्यात द्रौपदीची पाच मुलं.

त्या पाच मुलांनी कुणाला पिठाचं पाणी पाजलं होतं?

तुमच्या जनीचा प्रश्न मला हाच वाटतो. व्यासांनी अश्वत्थाम्याचं दुःख कुठेही लपवलेलं नाही, आणि त्या रात्रीचं वर्णनही सौम्य केलेलं नाही. दोन्ही पूर्ण ताकदीने आहेत.

दुसरं, विजय तेंडुलकरांचं 'घाशीराम कोतवाल' (1972). नाचगाण्यासाठी न बघता फक्त घाशीरामाच्या वाटेसाठी वाचा. कनोजचा ब्राह्मण पुण्यात पोट भरायला येतो, चोरीचा खोटा आळ येतो, मार खातो, हाकलला जातो. कोतवाली मिळवण्यासाठी तो स्वतःची मुलगी नाना फडणवीसांच्या हवाली करतो. त्याच्या सूडाची पहिली किंमत मुलीने भरली. नंतर त्याच्या हाताखाली जे भरडले जातात, त्यातल्या किती जणांनी त्याला मारलं असेल?

श्रीवर्धनी_रोठा

मला थोडं वेगळं म्हणायचंय, राग मानू नका. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आमची सुपारीची बाग आडवी झाली. बाबांनी लावलेली झाडं होती. नवीन सुपारी धरायला किती वर्षं जातात ते बागायतदाराला विचारा. त्या दिवशी आमच्या वाडीत एकही बाग उभी राहिली नाही. त्यातून कुणी मुंबईला गेलं, कुणी कर्ज काढून परत रोपं लावली, एक जण दारूत गेला. दुसऱ्याचं घर कुणी जाळलं नाही.

म्हणून तौक्ते हे तातूच्या वाईटपणाचं कारण म्हणून दाखवाल तर किनाऱ्यावरच्या निम्म्या प्रेक्षकांना ते टोचेल. त्यांच्याही होड्या फुटल्यात. वादळ हवं तर ठेवा, पण ते सगळ्या गावावर येऊ द्या. आणि मला सांगा, तातूसारखंच सोसून ज्याने ते केलं नाही, तो माणूस तुमच्या नाटकात कुठे आहे?

वेंगुर्ल्याच्या_बाई

वरचा प्रश्न फार मोलाचा आहे. शाळेत भाषा शिकवत होते, म्हणून एक परदेशी कादंबरी सुचवते: एमिली ब्राँटेची 'वुदरिंग हाइट्स' (1847). हीथक्लिफ हा लिव्हरपूलच्या रस्त्यावरून उचलून आणलेला अनाथ मुलगा. घरचा मोठा मुलगा हिंडली त्याचा छळ करतो, त्याचं शिक्षण बंद करतो, त्याला गड्यासारखं राबवतो. हीथक्लिफ पैसेवाला होऊन परततो आणि हिंडलीच्या मुलाला, हेअरटनला, अगदी तसंच वाढवतो. अक्षरओळख नाही, मायेचा शब्द नाही, नुसते कष्ट. आपल्यावर घातलेला साचा तो जाणूनबुजून दुसऱ्या लेकरावर घालतो.

आणि हेअरटन मात्र तसा होत नाही. कादंबरीच्या शेवटाकडे तो धाकट्या कॅथरीनकडून वाचायला शिकतो. एकाच घरात, एकाच तऱ्हेने चिरडलेली दोन मुलं लेखिकेने शेजारी ठेवली आहेत. हेअरटन नसता तर हीथक्लिफची कहाणी म्हणजे निव्वळ त्याची कैफियत झाली असती, असं मला वाटतं.

आणखी एक. या धाग्यात सगळे पुरुषच दिसतायत. महाभारतातली देवयानी, शुक्राचार्यांची मुलगी, घ्या ना. राजकन्या शर्मिष्ठेने तिला विहिरीत ढकललं, कचाने प्रेम नाकारलं, वर ऋषिपुत्र तुला वरणार नाही असा शाप दिला. एवढं सोसलेली मुलगी राजकन्येला जन्माची दासी करून मागते आणि ते मिळतंही, कारण तिच्या बापाला दुखवायची राजाची छाती नाही. तिच्या आयुष्यात दुःख आणि सत्ता एकाच वेळी हातात आली. तुमच्या तातूच्या हातात सत्ता नेमकी कुठल्या प्रवेशात येते, तो प्रवेश काढून बघा. मला वाटतं तुम्ही तो लिहिलाच नसेल. दुःखांचे प्रवेश लिहिताना तो राहून जातो.

राकेसपार्टी

मी बरीच वर्सां दशावतारात राकेसपार्ट, म्हंजे राक्षसाचो पार्ट करतंय. मालवणीतच लिवतंय, समजान घ्या.

आमच्याकडे लिवलेली संहिता नसता. आख्यान ठरला की भाषणां आपली आपणच बांधूची लागतत. हिरण्यकश्यपू करताना पयली पयली माझी एंट्री नुसती गरजून. पोरां भियत, बाकीचे चाय पियाक उठत. एकदा गुरूंनी माका पेटाऱ्यार बसवन इचारल्यानी, "तुझ्या भावाक कोणी मारल्यान?" हिरण्याक्ष हेचो सख्खो भाव. वराहान तेका मारल्यान. त्या दुख्खात हो तपाक बसता. तेव्हापासून मी पयला भावाचा नाव घेतंय, मगे गरजतंय. मांडार बसलेली बायामाणसां गप होतत.

पण ध्यानात ठेवा. राग विष्णूवर, आणि कड्यावरसून ढकलता कोणाक? आगीत घालता कोणाक? आपल्या पोराक. थंयसर लोकांनी माका गाळी देवक होये. भावाच्या नावार तेंचे डोळे भरले आणि पोराच्या टायमाक तेनीच गाळी दिल्यानी, तर माझो पार्ट झालो. दोनातला एकच झाला तर पार्ट पडलो.

तुमच्या नाटकात तातूक गाळी देवची जागा खंय आसा?

जगबुडीकाठ

मी खेडचा. आमच्याकडच्या गावनाटकांत खलनायक ठरलेला: खोत. मिशा, काठी, कुळाच्या सुनेवर नजर. पणजोबा कुळ होते, त्यामुळे खोतांची बाजू घ्यायचं मला काहीच कारण नाही. पण तो नाटकातला खोत बघून मला कधी काही कळलं नाही. सरकारला सारा भरायचा आणि कुळाकडून निम्मं भात, वर वेठ वसूल करायची, ही त्या जागेची रचना होती. मनाने बरा माणूस जरी त्या जागी बसला तरी भात निम्मंच उचललं जायचं. म्हणून तर अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी 1933 ते 1939 जमीन न कसता संप चालवला, बाबासाहेबांनी 1937 साली खोती बंद करण्याचं विधेयक मांडलं आणि 1949 साली कायदा होऊन ती गेली. माणसाच्या स्वभावाला दोष देऊन ती गेली नसती.

तुमच्या नाटकात एलईडीची बोट ज्याची आहे तो मालक कुठाय? घाशीरामात शेवटी लोक घाशीरामाला ठेचतात आणि नाना सुखरूप राहतात. तातूवर सगळा राग निघाला आणि मालक रंगमंचावर आलाच नाही, तर नाटकानेही तेच केलं.

आणि 'गारंबीचा बापू' (1952) जरूर वाचा. श्री. ना. पेंडशांनी ही उलटी वाट घेतली आहे. सगळ्या गावाने वाया गेलेला ठरवलेला मुलगा, खलनायक व्हायला लागणारं सगळं हाताशी, आणि तरी तो होत नाही. भाषाही तुमच्या कामाची आहे.

कातळशिल्प

जगबुडीकाठ, मालकाचं पटलं. पण दादा, त्याला खूप बोलायला लावू नका. एकदाच येऊन तातूच्या खांद्यावर हात ठेवून गेला तरी पुरे.

एक राहिलं होतं. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला' नाटकात सुधाकराची वकिलीची सनद कोर्टातल्या प्रसंगानंतर काही महिन्यांपुरती रद्द होते, आणि त्याच घायाळ अवस्थेत तळीराम प्याला पुढे करतो. सनद जाण्याचा प्रसंग आणि पहिला प्याला यांत अंतर किती कमी ठेवलंय ते बघा. तुमच्या तातूला मालकाचा पहिला निरोप कधी येतो?

दोराचो_वाटो

सगळ्यांचे मनापासून आभार. आठवडाभर उत्तर दिलं नाही, कारण रोठा यांच्या प्रश्नापाशी अडकून पडलो होतो.

खरं सांगतो. तातू माझा चुलता आहे. जाळं जळलं ते खरं, कुणी जाळलं ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही. बाबा आणि तो एकाच दोरावर उभे राहायचे. तेच कर्ज, तेच वादळ, तेच रिकामं जाळं. बाबा अजून बारीक होडी घेऊन जातात, 1 जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागली की जाळी शिवत पडवीत बसतात. तातूसारखं सोसून ज्याने ते केलं नाही तो माणूस माझ्या घरात होता आणि मी त्याला नाटकातून वगळला. का ते आत्ता कळतंय. काका मला फार आवडायचे. बाबा शेजारी उभे राहिले असते तर मला काकांची बाजू घेता आली नसती.

आता भाऊ आणलाय. त्याला उपदेशाचं एकही वाक्य दिलेलं नाही, तो फक्त जाळं शिवतो. तौक्ते एका वाक्यावर आणलं. बायकोचं आजारपण पूर्ण काढलं, ते मी रडवण्यासाठी घातलं होतं.

बाईंचं म्हणणं खरं निघालं, सत्तेचा प्रवेश नव्हताच. आता पहिला अंक किनाऱ्यावरच्या लिलावात संपतो. तातूची पाटी पुढे येते, तळाशी मूठभर तारली, आणि घेणारे हसतात. जनीही हसते. तिच्या मनात काही नसतं, सगळे हसतात म्हणून ती हसते. मालक तेवढ्यात खांद्यावर हात ठेवतो. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला तीच जनी तातूकडे पाचशे रुपये मागायला येते आणि तो तिला दारात उभी ठेवतो. पैसे खिशात असतात. तिला बराच वेळ उभी ठेवतो. काल तालमीत मागून एक म्हातारी तातूला मोठ्याने गाळ देऊन गेली. राकेसपार्टीनू, तुमची आठवण झाली.

एक साधी अडचण उरली. जाळं जळताना दाखवायचं कसं? मांडव कापडाचा, आग नको. लाल दिवा लावून बघितला, खोटं वाटतं.

राकेसपार्टी

पेटयताना दाखवच नकात. काळोख करा. मगे सकाळ. जनी एकटी येता, राखेत हात घालता आणि एकेक करून जाळ्याची वजनाची शिसां येचता. जळल्यार तीच रवतत. वट्यात घालता आणि जाता. भाषण नको.

दोराचो_वाटो

पडवीत बाबांच्या जुन्या जाळ्याची शिसं डब्यात आहेत. आज तालमीला नेतो. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "परत हाडून दी."