मदत हवी आहे: कोळशातलं गंधक जीवाणूंनी काढताना जॅरोसाइटचा थर

अॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हा जीवाणू वापरून कोळशातलं पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) काढतोय. बारीक भुकटी, 9के माध्यम (या जीवाणूंसाठीचं क्षारांचं पोषक द्रावण), 30 अंश सेल्सिअस, शेकरवर फ्लास्क, सामू 2 च्या आसपास. सुरुवातीला लोह छान विरघळतं, मग कणांवर पिवळसर थर चढतो आणि वेग मंदावतो. जॅरोसाइटच (लोहाचं सल्फेट असलेलं पिवळं खनिज) असणार. म्हणजे गंधक सल्फेट होऊन परत कोळशातच अडकतंय, आणि हेच फार खटकतं.

सामू 1.7 पर्यंत उतरवला; थर कमी झाला, पण जीवाणूही सुस्तावले. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतल्यावर थोडा निघतो, सगळा नाही. सेंद्रिय गंधक या जीवाणूने निघत नाही हे माहीत आहे, प्रश्न फक्त पायराइटचा. जास्त तापमानाचे जीवाणू वापरायची सोय नाही.

जॅरोसाइट बनायला लोह, सल्फेट आणि पोटॅशियम किंवा अमोनियम लागतं, आणि हे सगळं माध्यमातूनही मिळतं. मग माध्यमातलं फेरस सल्फेट वगळलं, तर अमोनियम आणि पोटॅशियम जीवाणूंची वाढ न थांबवता कितपत कमी करता येईल?