टॅपिंगची परवानगी तपासतं कोण?

'गुन्हा केला नसेल तर फोन टॅपिंगला घाबरायचं कशाला?' हा युक्तिवाद मला पटत नाही. दहशतवादी कट उधळायला टॅपिंग लागतंच, मान्य. पण आदेश देणार गृहसचिव आणि तो तपासणारी समितीही सचिवांचीच. न्यायाधीश कुठेच नाही! ज्याचा फोन ऐकला त्याला नंतरही कळवत नाहीत, मग त्याने दाद मागायची कशी? २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचखोरीच्या एका प्रकरणातले टॅपिंगचे आदेश रद्द केले, कारण सार्वजनिक सुरक्षेचा त्यात संबंधच नव्हता. तेही प्रकरण कोर्टात गेलं म्हणून. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ही चौकट बदलता आली असती. आधी न्यायाधीशाची मंजुरी आणि तपास संपल्यावर संबंधिताला सूचना, एवढं तरी हवंच होतं.