मदत हवी आहे: १९८४ चं मोटरहोम चढावर बंद पडतं, थंड झालं की पुन्हा चालू होतं

घाटवळण
क्लास ए (बससारखं मोठं मोटरहोम), शेवी पी-३० चासी, ४५४ घनइंचांचं इंजिन, क्वाड्राजेट (चार नळ्यांचा) कार्बोरेटर, इंजिनवर मेकॅनिकल पंप, टाकी मागे. अमेरिकेत अॅरिझोनामध्ये फिनिक्सहून फ्लॅगस्टाफकडे जाताना आय-१७ महामार्गावर ब्लॅक कॅनियन सिटीनंतरचा चढ लागला की आधी हिसके, मग दम जातो, मग बंद. अर्ध्या तासाने स्टार्ट होते. सपाटीवर आणि सकाळच्या गारव्यात काही त्रास नाही. प्लग, वायरी, बाहेरचा फिल्टर नवे आहेत. मेकॅनिक कार्ब बदला म्हणतोय. बदलू का?

पाना१३
इतक्यात नको. आधी पेट्रोल कमी पडतंय की स्पार्क, हे ठरवा. आणि ते बंद पडल्यावर लगेच बघायचं, थंड झाल्यावर कळत नाही.

सर्वांत आधी प्रोपेनचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. इंजिनाचं झाकण गाडीच्या आत उघडतं आणि फ्रीजची ज्योत पेटलेली असते, हे लोक हमखास विसरतात. मग एअर क्लीनर काढा, चोकची पाकळी उघडी धरा, थ्रॉटल हाताने ओढा आणि बाजूने टॉर्च मारून बघा. कार्बच्या पुढच्या दोन नळ्यांत पेट्रोलच्या दोन बारीक धारा दिसल्या तर बाऊलमध्ये (कार्बमधल्या पेट्रोलच्या वाटीत) पेट्रोल आहे, दोष इग्निशनचा. धारा नसल्या तर बाऊल कोरडा. क्वाड्राजेटचा बाऊल तसाही लहान. पूर्ण लोडवर ४५४ तो बघता बघता रिकामा करतं.

त्याच वेळी टाकीचं झाकण सैल करा. आत हवा ओढल्याचा आवाज आला तर व्हेंट (टाकीत हवा येण्याची वाट) तुंबलाय.

टायमिंगलाइट
धारा दिसल्याच तर एचईआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा) डिस्ट्रिब्युटर बघा. त्यातलं स्पार्क चालू-बंद करणारं मॉड्यूल तापलं की मरतं, गार झालं की जगतं, लक्षणं डिट्टो हीच. पिकअप कॉइल (मॉड्यूलला इशारा देणारी) ५०० ते १५०० ओहम हवी. मोजताना तिच्या वायरी हलवा. व्हॅक्यूम अॅडव्हान्स (स्पार्कची वेळ पुढेमागे करणारा भाग) कॉइल हलवतो, त्यामुळे त्या सारख्या वाकतात आणि आतून तुटतात, वरून काही दिसत नाही.

घाटवळण
धारा नाहीत. झाकण सैल केलं तर आवाजही नाही.

पाना१३
म्हणजे पेट्रोल पोचत नाही. आता दोन मापं घ्या.

दाब: पंप आणि कार्बच्या मध्ये टी (तीन तोंडांचा जोड) टाकून गेज लावा. गेज काचेच्या बाहेर वायपरखाली चिकटवा, पेट्रोलची नळी केबिनमध्ये आणू नका. ५ ते ७ पीएसआय (दाबाचं एकक) ठीक. चढावर ४ च्या खाली गेलं की कमी पडतंय.

मात्रा: कार्बकडची नळी सोडून भांड्यात धरा. बाऊलमधल्या पेट्रोलवर इंजिन थोडा वेळ चालतं, तेवढ्यात आयडलवर ३० सेकंदांत निदान ४७० मिली यायला हवं. मग पंपाची ओढणारी नळी टाकीऐवजी बोटीच्या सुट्या टाकीला जोडून तेच माप पुन्हा घ्या. सुट्या टाकीतून पुरेसं आणि गाडीच्या टाकीतून कमी, तर पंप निर्दोष, दोष त्याच्या मागे, टाकीच्या बाजूला.

नळी सोडताना दोन पाने लागतात: कार्बवरच्या १ इंचाच्या मोठ्या नटाला एक, नळीवरच्या ५/८ च्या लहानाला दुसरा. मोठा फिरला की कार्बच्या मऊ धातूतले आटे जातात आणि मग खरंच कार्ब बदलावा लागतो. त्याच नटामागे छोटा फिल्टर आणि स्प्रिंग असते, तोही बघून घ्या.

घाटवळण
आयडलला ६, चढावर २. सुट्या टाकीतून मात्रा भरपूर, गाडीच्या टाकीतून निम्मीसुद्धा नाही.

पाना१३
मग टाकीच्या वरचा रबरी होज, तो बदलला नसणारच. तो चिरला की बाहेरची हवा आत ओढतो. गळत नाही, कारण आत ओढ असते, म्हणून खालून बघून काही सापडत नाही. शिवाय लांबलचक नळी एक्झॉस्टजवळून जाते, ओढीखाली पेट्रोल कमी तापमानालाच उकळतं, आणि पंपाला वाफ ढकलता येत नाही. १० टक्के इथेनॉलने ते आणखी वाढतं. अमेरिकेच्या संघीय नियमाचं उन्हाळी (कमी वाफ होणारं) पेट्रोल विक्रीच्या पंपांवर १ जूनपासून सक्तीचं, त्यामुळे एप्रिल-मेमधला गरम दिवस सर्वांत वाईट.

टाकी उतरवा. ३/८ इंचाचा होज एसएई ३०आर९ (पेट्रोलच्या होजचा दर्जा) लिहिलेला घ्या, क्लिपा नव्या. टाकीतली जाळी बदला. पंपाला तिसरी, परतीची नळी असेल तर ती फुंकून बघा. कुणीतरी बूच मारून ठेवलेलं असतं आणि मग वाफेला परत जायला वाट राहत नाही.

टायमिंगलाइट
मी तर सरळ टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवला असता.

पाना१३
फुटक्या होजवर तोही हवाच ओढेल, म्हणून होज आधी. नंतरही चढावर ४ च्या खाली गेलं तर बसवा: फ्रेमवर, टाकीच्या पातळीखाली, ७ पीएसआयच्या आतला. त्याच्या वर क्वाड्राजेटची नीडल (बाऊलमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई) धरेलच असं नाही. रिलेची वायर ऑइल प्रेशर स्विचमधून न्या, म्हणजे इंजिन बंद तर पंप बंद. मेकॅनिकल पंप काढून तिथलं भोक झाकणारी पट्टी लावा. तो ठेवला आणि त्याचा डायफ्राम फाटला तर इलेक्ट्रिक पंप पेट्रोल थेट ऑइलमध्ये ढकलतो. तो काढला की परतीची नळीही जाते, तेव्हा कार्बआधी तीन तोंडांचा फिल्टर टाकून परतीची नळी त्याला जोडा.