दोन विमानतळांमधलं अंतर निघतंय, वेळ जुळत नाही. मदत हवी आहे

मंडळी, एक्सेलमध्ये एक छोटी शीट करतोय. दोन विमानतळांचे तीन अक्षरी कोड टाकले की अंतर आणि अंदाजे उड्डाणवेळ दिसावी, एवढंच हवंय. विमानतळांच्या अक्षांश-रेखांशांचे अंश रेडियनमध्ये करून हॅवरसाइनचं (गोलावरच्या दोन बिंदूंमधलं अंतर काढण्याचं) सूत्र लावलंय, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी. लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके ५,५४० किमीच्या आसपास येतं. तिथे तक्रार नाही.

घोडं अडलंय वेळेपाशी. ताशी ९०० किमी धरले तर सहा तासांच्या जरा वर. वेळापत्रकात मात्र जाताना आठेक तास, येताना सातेक! आणि सुटण्या-पोचण्याच्या स्थानिक वेळांची सरळ वजाबाकी केली तर तोक्यो-लॉस एंजेलिसला उत्तर चक्क उणे. काय करू?

प्रतिसाद १
अंतराला हात लावू नका. पृथ्वी अगदी गोल धरल्याने फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो, अंदाजाला तो चालतो.

वेळापत्रकातली वेळ म्हणजे गेटवरून विमान हलल्यापासून पुढच्या गेटला लागेपर्यंतची. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण्याआधीच्या घिरट्या, सगळं त्यात आलं. म्हणून ताशी ८५० धरा आणि वर ४५ मिनिटं ठोक मिळवा. ५०० किमीच्या मार्गावर नुसत्या भागाकाराने अर्धा तास येतो, तिकिटावर तासाच्या वर असतो, तो यामुळेच.

जाण्यायेण्यातला फरक वाऱ्याचा. उंचावर जेट स्ट्रीम, म्हणजे वाऱ्याचा वेगवान झोत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोरात. वाऱ्याचा वेग सरासरी ताशी ८० किमी धरून बघा: जाताना ७७० च्या वेगाने सव्वासात तास, येताना ९३० ने सहा. त्यात ४५ मिनिटं मिळवा, बसतंय की नाही?

प्रतिसाद २
उणे उत्तराचं कारण आंतरराष्ट्रीय वाररेषा. दोन्ही वेळा आधी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आणा, मगच वजा करा. फरक कायमचा पाच तास वगैरे लिहून ठेवू नका. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, ब्रिटनमध्ये शेवटच्या. मधल्या काळात लंडन-न्यूयॉर्क फरक चारच तासांचा.

आणि काही मार्गांना सूत्र लागूच पडत नाही. २०२२ मध्ये युरोपीय कंपन्यांना रशियाचं आकाश बंद झालं आणि हेलसिंकी-तोक्यो साडेनऊ तासांवरून तेराच्या आसपास गेलं. असे मार्ग हाताने भरा.

धागाकर्ता
जुळलं! पण तिरक्या मार्गांना वारा किती धरू?

प्रतिसाद १
उत्तरेपासून मोजलेल्या दिशाकोनाच्या साइनने ८० ला गुणा. पूर्वेला पूर्ण अधिक, पश्चिमेला पूर्ण उणे, उत्तर-दक्षिण शून्य. कोन मात्र मार्गाच्या मध्यावरचा घ्या, सुरुवातीचा नको. न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं विमान आधी ईशान्येला जातं, पूर्वेकडे नंतर वळतं. विषुववृत्तालगतच्या मार्गांना वारा धरूच नका.