खुब्याच्या खोबणीचा अस्थिभंग: एक्स-रे असताना सीटी स्कॅन कशासाठी?

प्रश्न: आर्वी तालुक्यात ट्रॅक्टर उलटून माझ्या काकांच्या खुब्याची खोबण मोडली, निखळलेला सांधा बसवला आहे, तरीही सीटीसाठी नागपूरला न्यावे का?

उत्तर १: अवश्य न्यावे. ४५ अंशांतील तिरप्या एक्स-रेतून खोबणीचे पुढचे-मागचे खांब (तिला आधार देणारे हाडाचे भाग) दिसतात. परंतु सांध्यात अडकलेला हाडाचा तुकडा सीटीतच नीट कळतो, आणि तो तसाच राहिल्यास कूर्चा (सांध्यातील हाडांवरचे गुळगुळीत आवरण) झिजते.

उत्तर २: पाऊल वर उचलता येते का, हे आजच पाहावे, कारण सांधा मागे निखळताना सायटिक नस (कमरेकडून पायात जाणारी मोठी नस) दुखावू शकते आणि घाईत ही तपासणी राहून जाते. तुकडे सरकले असल्यास शस्त्रक्रिया शक्यतो २ आठवड्यांच्या आत व्हावी.

प्रश्नकर्ता: पायाचा अंगठाही वर होत नाही. उद्या पहाटेच निघतो.

उत्तर २: हे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगावे आणि त्या पायावर भार मुळीच देऊ नये.